स्टुडिओची चावी

कॉलेजचं रेडिओ केंद्र खरोखर विद्यार्थी चालवतात की नाही, हे ओळखायची माझी एक साधी परीक्षा आहे. स्टुडिओची चावी कुठे असते ते विचारायचं. माहितीपुस्तिकेत हेडफोन घातलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो असतो, खाली ‘विद्यार्थ्यांनी, विद्यार्थ्यांसाठी’ असं छापलेलं असतं आणि चावी असते ऑफिसातल्या टेबलाच्या खणात. ती घ्यायला रजिस्टरमध्ये सही लागते, सहीसाठी सरांची चिठ्ठी लागते आणि सर मीटिंगमध्ये असतात. सहाचं प्रसारण तरीही सहालाच सुरू होतं, कारण संगणकावर यादी लावून ठेवलेली असते. दाराबाहेर दोन मुलं स्क्रिप्ट हातात घेऊन उभी आणि आत गाणी आपली आपण वाजतायत.

मी पुण्यातल्या अशाच एका केंद्रावर तीन वर्षं काढली. त्याचं नाव घेत नाही, कारण नंतर इतर ठिकाणच्या मुलांशी बोलत गेलो तेव्हा गोष्ट तीच निघाली, खण तेवढा वेगळा. आता माझा रेडिओशी संबंध ऐकण्यापुरता. पण दर जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत ‘आमच्याकडे स्वतःचं एफएम आहे’ अशी जाहिरात दिसली की गप्प बसवत नाही. काय वाजेल, कोण बोलेल आणि चुकलं तर कुणी निस्तरायचं, हे तिन्ही मुलांच्या हातात नसेल तर ते विद्यार्थ्यांचं केंद्र म्हणू नये. त्याला जनसंपर्क विभाग म्हणावं. बिनपगारी.

मुळात ज्या लहरींवर हे सगळं चालतं त्या कॉलेजच्या मालकीच्या नाहीत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. खटला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यातला. निकाल देणाऱ्या पीठातले न्या. पी. बी. सावंत पुढे पुण्यात राहायचे, २०२१ मध्ये इथेच गेले. बाणेरला ते ज्या घरात राहत होते त्या घरातल्या रेडिओवर विद्यापीठाचं केंद्र लागत असणार, असं मला उगाचच वाटत आलंय. निकालानंतरही सरकारने जवळजवळ आठ वर्षं घेतली. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांपुरतं दार किलकिलं झालं, १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं आणि २००५ मध्ये आपल्या पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आली. सिम्बायोसिस आणि एफटीआयआय ही चित्रपटशिक्षणाची संस्था ९०.४ वर. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली आणि पुढे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांच्या संस्थेने आपलं केंद्र काढलं.

सामुदायिक रेडिओच्या त्या २००६ च्या धोरणात एक अट आहे, ती मला फार आवडते. केंद्र ज्या समुदायासाठी आहे, त्या समुदायाचं प्रतिबिंब केंद्राच्या मालकीत आणि कारभारात दिसलं पाहिजे. कार्यक्रमांत म्हटलेलं नाही, कारभारात म्हटलंय. शिवाय निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. म्हसवडच्या केंद्राबद्दल कुणी विचारलं की हे कुणाचं, तर उत्तर देता येतं. कॉलेजात हा समुदाय कोण? एक तर विद्यार्थी, दुसरे कुंपणाबाहेरचे शेजारी. आणि कारभार कुणाकडे? संस्थेचे सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख, आणि चहा आला की इतिवृत्त लिहिणं थांबवणारा एक विद्यार्थी प्रतिनिधी. तो मी होतो.

गंमत अशी की मुलांच्या हातात सगळं सोपवायला पुणं घाबरतं, असंही नाही. दर पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात जाऊन बघा. ‘अरे, आवाज कुणाचा?’ या आरोळीने छप्पर उडायची वेळ येते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि तिथे संहिता, दिग्दर्शन, सेट, लाइट, म्युझिक, सगळं विशी न ओलांडलेली पोरं करतात. पोस्टर चिकटवण्यापासून टेम्पो ठरवण्यापर्यंत. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडकाच्या लायकीचं मानलं नाही. शहरभर वाद झाला, मुलं चिडली, रडली, पुढच्या वर्षी पुन्हा तालमीला उभी राहिली. म्हणजे एवढं मोठं अपयश पचवायची ताकद या व्यवस्थेत आहे. त्याच कॉलेजातली तीच मुलं दुसऱ्या दिवशी रेडिओच्या खोलीत शिरली की मात्र त्यांना फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर करायला परवानगी लागते. नाटक तीनशे लोक बघतात आणि रेडिओ सगळ्या गावाला ऐकू जातो, असं कारण मला देण्यात आलं होतं. आमची प्रसारणशक्ती शंभर वॅटची होती, नियमानुसार खास परवानगीशिवाय त्यापेक्षा जास्त चालत नाही. मनोरा फार तर तीस मीटर. सगळं नीट असलं तर पाच ते दहा किलोमीटर, आणि मध्ये टेकडी आली की पलीकडे नुसती खरखर. तीनशे श्रोते मिळाले असते तर आम्ही पेढे वाटले असते.

माझ्या पहिल्याच थेट प्रसारणात मी चार मिनिटं पावसाची माहिती दिली आणि फेडर खाली होता. रेडिओत तीन सेकंदांची शांतता म्हणजे डेड एअर, लॉगशीटवर लाल पेनाने लिहायची गोष्ट. मी चार मिनिटं केली. कॉलेजातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. गेटवरचे वॉचमनकाका तेवढे जिना चढून आले आणि म्हणाले, ‘आज मुकं झालंय का तुमचं?’ ते मोबाइलला इअरफोन लावून रोज ऐकायचे, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. त्या चार मिनिटांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही कार्यशाळेत शिकता आलं नसतं: आवाजाची लेव्हल बघायची, इशाऱ्याचा क्यू ऐकायचा, आणि ऐकणारा कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. चुकायला मोकळीक होती म्हणून शिकलो. ती मोकळीक कुणी दिली नव्हती, केवळ कुणी ऐकत नव्हतं म्हणून मिळाली, ही गोष्ट वेगळी.

मोकळीक कुठे संपते तेही लवकरच कळलं. आम्ही मेसवर एक कार्यक्रम केला होता. पुण्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे बाहेरगावच्या प्रत्येक मुलाच्या हाडात मुरलेलं सत्य आहे. तर रविवारी रात्री कोण काय खातं, एवढाच विषय. वडापाव, मॅगी, मावशीच्या घरी अचानक दिलेली भेट, असं हलकंफुलकं. त्यात एका मुलीने सांगितलं की होस्टेलचं गेट लवकर बंद होतं, जवळ खायला काही मिळत नाही, म्हणून ती महिन्यातले तीन रविवार बिस्किटावर काढते. चाळीस सेकंदांचं बोलणं असेल. हसत हसत बोलली होती. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, छान झालाय, तेवढा होस्टेलचा तुकडा काढा. मी काढला. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस सेकंद कापायला चार सेकंद लागतात, आणि सांधा असा बसवता येतो की कुणाला कळू नये. मी तो फार सफाईदार बसवला होता, याची मला अजून लाज वाटते.

सरांची बाजू मी तेव्हा ऐकून घेतली नाही, आता सांगतो. परवान्याच्या करारावर सही संस्थेची असते. आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता आपल्यालाही लागू. उद्या काही वावगं गेलं आणि मंत्रालयाची नोटीस आली, तर ती एसवायच्या मुलाच्या नावाने येत नाही. मुलं तीन वर्षांत निघून जातात, नोटीस सरांच्या निवृत्तीपर्यंत फाइलमध्ये राहते. आणि मुलांवर विसंबून केंद्र चालत नाही हेही खोटं नाही. सेमिस्टरची परीक्षा आली की स्टुडिओत चिटपाखरू नसतं, दिवाळीच्या सुटीत सगळे गावी, गॅदरिंगच्या आठवड्यात सगळे स्टेजवर. मी स्वतः दोनदा न कळवता दांडी मारलीय.

पण या भीतीवरचा उपाय परवान्यातच आहे. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा, अशी अट असते. म्हणजे ज्या सरकारला आपण सगळ्यात संशयी समजतो, त्यानेसुद्धा आधी तपासून घ्या असं म्हटलेलं नाही. रेकॉर्डिंग ठेवा, तक्रार आली तर दाखवा, एवढंच म्हटलंय. प्रसारणाआधी प्रत्येक फाइल सरांच्या पेन ड्राइव्हवर जायची ही पद्धत कायद्याने नाही आणली, आपण आणली. सरांनी दर सोमवारी मुलांना घेऊन बसावं, मागच्या आठवड्याचे तुकडे लावावेत, हे का बोललास, याचा पुरावा काय होता, असं फाडून काढावं. नाटकाची तालीम बघायला आलेला जुना विद्यार्थी जसा झोडपतो तसं. त्यातून मुलगा पुढच्या वेळी दोनदा विचार करेल. आधीच कापलं तर तो विचारच करणार नाही, कापणारा आहेच.

आता बातम्यांचं. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षा, निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना बातमी धरत नाहीत. त्यामुळे गुरुवारी पाणी येणार नाही हे सांगता येतं, दर गुरुवारीच का येत नाही हे विचारलं की ती बातमी होते. याच शहराने २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीचा पुण्यातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा असा गलका केला की दिल्लीला तो स्थगित करावा लागला. सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं बातमीपत्र पुण्यातूनच हवं, यावर सगळे पक्ष एक झाले होते. मला ते बघून बरं वाटलं आणि रागही आला. स्थानिक बातमीचं एवढं प्रेम असेल तर शहरातली अशी केंद्रं बातमी द्यायला बंदी असलेली आहेत, याबद्दल कधी कुणी हूं की चूं केलं नाही. वाडिया कॉलेजच्या फाटकावर उभा राहून एखादा मुलगा मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करू शकतो, जगभर. त्याच मुलाने परवाना असलेल्या, रेकॉर्डिंग जपणाऱ्या, जबाबदार माणसं असलेल्या स्टुडिओतून पाच किलोमीटरपर्यंत तेच बोललं तर मात्र नियमभंग. ही बंदी जायला हवी. पण ती जाईपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण बिस्किटावर काढलेले रविवार ही कुठल्याच व्याख्येने बातमी नव्हती.

आवाजाचा प्रश्न मात्र मला बातम्यांपेक्षा मोठा वाटतो. इथे दोष मंत्रालयाचा नाही, आपला आहे. पुणेरी.

ऑडिशनला एक उतारा वाचायला द्यायचे. त्यात आणि, पाणी, लोणी, कोण, प्राण अशी ‘ण’ची पेरणी केलेली असायची, सापळा लावावा तशी. माझ्याबरोबर परभणीचा एक मित्र होता. त्याने ‘पानी’ म्हटलं आणि समितीतल्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. आवाज काय होता त्याचा! मातीच्या घागरीत बोलल्यासारखा. त्याला सांगितलं, तू टेक्निकल बघ. दोन वर्षं तो आमच्या रेकॉर्डिंगमधले श्वास कापत बसला. माझ्या ‘ण’ला काही झालेलं नव्हतं, कारण तो मी घरून आणला होता, जसा कुणी डबा आणतो. तो माझा गुण कसा?

शहराकडे बघा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, शास्त्री रस्त्यावरचे क्लास, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं. स्पर्धा परीक्षेला आलेली बीड-लातूर-यवतमाळची मुलं नसती तर पुण्यातल्या निम्म्या मेस बंद पडल्या असत्या. कॉलेजच्या वर्गांतही तीच. या मुलांचं पुणं कुठल्या केंद्रावर ऐकू येतं? १९५३ मध्ये आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं तेव्हापासून एक सुंदर, तोललेली निवेदनशैली घडत गेली, तिच्याबद्दल मला प्रेमच आहे. पण आकाशवाणी साऱ्या राज्याला ऐकू जाणार म्हणून तिला एक मधली भाषा लागली. पाच किलोमीटरच्या केंद्राला ती सक्ती कशासाठी? त्यातून व्यापारी वाहिन्यांनी उलट टोक गाठलं, मराठीत चार इंग्रजी शब्द कोंबून एका दमात बोलायचं. आमच्या मुलींना सर सांगायचे आकाशवाणीसारखं बोला, आणि त्यांना व्हायचं असायचं रेडिओ मिरचीसारखं. तुझ्यासारखं बोल, असं कुणी म्हटलंच नाही.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, बोलायला कुणी उरलं नव्हतं. सर रजेवर होते. परभणीकराने चावी कशी मिळवली ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याने वॉचमनकाकांना वर बोलावलं, माइकसमोर बसवलं आणि वीस मिनिटं दोघं आपल्या भाषेत बोलत राहिले. काका गंगाखेडचे निघाले. दुष्काळात गाव सोडलं, जनता वसाहतीत खोली, बारा तासांची ड्युटी, रात्री गेटवर झोप येऊ नये म्हणून काय काय करतात. मध्येच काकांनी विचारलं, ‘हे खरंच बाहेर जायलंय का?’ आणि हा म्हणाला, ‘जायलंय की.’ त्या संध्याकाळी तीन फोन आले. आमच्या केंद्राच्या हिशेबाने तो पूर होता. एक फोन समोरच्या बांधकामावरच्या सुपरवायझरचा होता, हा माणूस कुठल्या गावचा म्हणाला, पुन्हा सांगा.

मुलांच्या हाती केंद्र देण्याचा माझा आग्रह यासाठी आहे. मुलं जास्त धाडसी किंवा जास्त प्रामाणिक असतात असं मला वाटत नाही. आम्ही पुरेसे घाबरट होतो. पण कुणाचा आवाज चालेल याचे ठोकताळे त्यांच्या डोक्यात अजून घट्ट बसलेले नसतात. समितीला जो आवाज ऐकू आला नाही तो परभणीकराला सहज ऐकू आला, कारण तो त्याच्या चुलत्याचा आवाज होता.

यावर हमखास येणारा प्रश्न: पॉडकास्ट करा ना, परवाना नको, सर नकोत. करावेत की. पण पॉडकास्टला सहा वाजत नाहीत. मूड नसला तरी सहाला हजर राहायचं, आणि ज्यांना आपण निवडलेलं नाही अशा शेजाऱ्यांशी बोलायचं, हे दोन्ही रेडिओतच घडतं. वॉचमनकाका पॉडकास्ट शोधायला गेले नसते. मोबाइलवर स्टेशनं बदलताना आम्ही त्यांना सापडलो. मोबाइलमधून एफएम गायब होत चाललंय हे खरं, २०२३ मध्ये केंद्र सरकारलाच कंपन्यांना ते चालू ठेवा म्हणून सांगावं लागलं. ती लढाई वेगळी.

अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. ब्राउन विद्यापीठाच्या मुलांनी १९३६ मध्ये वसतिगृहांच्या खोल्यांमधून तारा ओढून आपलं केंद्र सुरू केलं होतं. पण तिथल्या गोष्टींनी हुरळून जाण्याआधी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचं उदाहरण लक्षात ठेवावं. तिथलं केटीआरयू हे केंद्र मुलांनी १९६७ पासून वाढवलं, ते पन्नास हजार वॅटपर्यंत गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाने ते ९५ लाख डॉलरला दुसऱ्या विद्यापीठाला विकायला काढलं. मुलांनी निदर्शनं केली, विक्री झालीच. चाळीस-पन्नास वर्षं मुलांनी चालवलं तरी कागद विद्यापीठाच्या नावाचा होता. तेव्हा नुसती चांगल्या सरांची कृपा पुरत नाही. सर बदलतात. लिहून घ्यायला हवं.

काय लिहून घ्यायचं? कार्यक्रम मंडळ मुलांनी मुलांमधून निवडलेलं असावं, त्यात एक जागा कुंपणाबाहेरच्या वस्तीला. सर सल्लागार, कापण्याचा अधिकार नाही. अगदीच थांबवायचं असेल तर कारण लेखी द्यावं आणि ते मंडळाच्या वहीत चिकटवावं. एवढ्यानेच निम्मी कापाकापी थांबेल, कारण ‘होस्टेलचा विषय नको’ हे वाक्य तोंडी सोपं असतं, सहीनिशी लिहायला जड जातं. सुट्यांत आणि परीक्षांत केंद्र चालू राहावं म्हणून पगारी तंत्रज्ञ हवा. बऱ्याच ठिकाणी तो असतोही, पण त्याला सेमिनार हॉलचे माइक लावायला पाठवलेलं असतं. जाहिरातींची मर्यादा २०२४ मध्ये तासाला सात मिनिटांवरून बारा केली आहे. जवळचा झेरॉक्सवाला आणि मेस यांच्याकडून तंत्रज्ञाचा पगार निघू शकतो, मुलांना जाहिराती मिळवू दिल्या तर. आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिट द्यायची टूम निघाली आहे, तिची मला धास्ती वाटते. आधी सरांकडे फक्त चावी होती, आता मार्कही येतील.

आणि रेकॉर्डिंग मुलांच्या मालकीचं असावं, हे मी शेवटी लिहितोय पण पहिलं लिहायला हवं होतं. वॉचमनकाकांचा तो कार्यक्रम मी मागच्या वर्षी मागायला गेलो होतो. काका आता तिथे नाहीत, मित्र नांदेडला असतो, त्याच्या मुलीला ऐकवायचा होता. नव्या तंत्रज्ञाने मनापासून शोधलं. हार्डडिस्क भरली होती, तीन महिन्यांच्या वरचं पुसायला हरकत नसते, त्यामुळे कधीतरी पुसलं गेलं. केंद्राच्या पहिल्या वर्धापनदिनाचं प्राचार्यांचं भाषण मात्र होतं, बावीस मिनिटांचं, दोन प्रतींमध्ये.